उरणच्या आजीने नेलेला डबा

पहिली कोण आली म्हणाल तर मुलाची आजी, उरणची. बाकीचे खाली गाडी लावत होते, ही सरळ माझ्या स्वयंपाकघरात.

मुलगा आमच्या नातीने, रेश्माने, स्वतःच पसंत केलाय. त्याच्या घरचे हो म्हणतील का, या टेन्शनने पोरगी सकाळपासून उपाशी. मीपण पोह्यांत मीठ दोनदा घातलं. सगळ्यांनी गुपचूप खाल्ले, उपकार त्यांचे.

मुलाचे वडील म्हणाले, “कळवतो.” रेश्माचा चेहराच पडला.

निघताना आजीने माझ्याकडून डबाभर लोणचं मागून घेतलं. रेश्माला म्हणाली, “त्यानं काय कलवायचं ते मीच सांगनार हाय. तू जेव आता.”

मैत्रिणींनो, एवढ्या शब्दाने जीव भांड्यात पडला. तुम्हाला कोणी असा धीर दिलाय का?

डबा भरून परत द्यायला रविवारी येतायत, सगळे.