गच्चीवरचा तांदळाचा गोल

सर्व सभासदांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी हे जग आणि पलीकडचे जग यांना जोडणारे दार उघडण्यात आले आहे. तरी कृपया तेथे कुरडया वाळत घालू नयेत.

ही सूचना सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने मी स्वतः जिन्यातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिली. खाली वेलबुट्टीही काढली. इतक्या आनंदाने मी मेंटेनन्सची सूचना कधी लिहिली नव्हती.

दार उघडणारे गृहस्थ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सर. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली, तर मिरच्या सोडवून फोडणीत घालणारे. पाहुण्यांना त्र्यंबकेश्वरला न्यायचे, पण स्वतः बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. आता असा माणूस एका संध्याकाळी गुडघ्यांवर रांगत, मुठीतून तांदळाची धार सोडत गच्चीवर गोल काढताना दिसला, तर तुम्ही तरी काय केलं असतं? मी टाकीमागे लपले.

"लपू नका," सर मागे न बघता म्हणाले. "या इकडे. चपला बाहेर, शंका बाहेर."

पुढे हे वाक्य त्यांनी प्रत्येकाला ऐकवलं. पोस्टमनला, केबलवाल्याला, टाकी धुवायला आलेल्या माणसालाही. त्या बिचाऱ्याने खरंच चपला काढल्या आणि ओल्या गच्चीवर घसरला.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. काकू, म्हणजे सरांची बायको, विसरत चालल्या होत्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग मुलीचं नाव, आणि शेवटी सर. नाशकातली सगळी वर्षं पुसली गेली आणि नामपूरचं माहेर तेवढं उरलं. बोलीसुद्धा तिकडचीच परतली, अहिराणी. दाराची बेल वाजली की विचारायच्या, "कोन उनं?" कोण आलं? आलेले असायचे सर, भाजीची पिशवी घेऊन. काकू पदर सावरून आत निघून जायच्या. परक्या पुरुषासमोर कसं थांबायचं?

डॉक्टर झाले, औषधं झाली. मग सरांचा एक जुना विद्यार्थी त्यांना पेठकडच्या पाड्यावर एका म्हाताऱ्या भगताकडे घेऊन गेला. भगत म्हणाला, बाईचा जीव वाटेत कुठंतरी रेंगाळलाय. गोल मांड, मधे बस आणि रोज हाक मार. गोलाला एक दार मोकळं ठेव, म्हणजे आत यायला वाट राहील. आणि तिची आई मारायची, तशी हाक मार.

सरांनी गोलाचं दार नामपूरच्या दिशेला ठेवलं. मेहुण्याला फोन करून हाक शिकून घेतली. आणि रोज संध्याकाळी आमच्या डोक्यावरून, शाळेत कविता शिकवावी अशा खणखणीत शुद्ध उच्चारात अहिराणी घुमू लागली:

"सिंधू, घर ये वं!"

पोरं जिन्यात नक्कल करायची. मीही एकदा भिशीत करून दाखवली, फार रंगली. खाली गॅलरीत काकू बसलेल्या असायच्या. हाक ऐकून त्या मान वर करायच्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागायच्या.

चिमण्या, मुंग्या रोज गोल खाऊन टाकत. सर रोज नवा मांडत. त्यासाठी जागा इतकी लख्ख झाडत, की पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी नेमक्या तिथेच कुरडया घातल्या. सर चिडले नाहीत. कुरडयांच्या मधोमध अंग चोरून बसले आणि हाका मारल्या. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाले, "फळ्यावर जरा लिहाल का?"

एके दिवशी त्यांनी काकूंनाच वर आणलं. आम्ही सगळे वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर. काकूंनी चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या. सर मोकळ्या दारातून त्यांना आत घेऊन गेले, समोर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "सिंधू, घर ये वं."

काकू खाली बघत होत्या. "असा तांदूळ कोनी सांडस का?" असं म्हणून त्या वाकल्या आणि एकेक दाणा पदरात वेचायला लागल्या. धान्य पायाखाली येऊ नये, एवढं अजून शाबूत होतं. वेचत वेचत त्यांनी अख्खा गोल पदरात घेतला. सरही शेजारी बसून दाणे वेचू लागले.

काकूंना त्यांची दया आली असावी. त्यांनी विचारलं, "तुमना घर बाई नही का?"

"आहे," सर म्हणाले. "बाहेर गेलीय. येईल."

कुणी हसलं नाही. दोरीवरचे कपडे तसेच राहिले.

काकूंची मुलगी त्यांना खाली घेऊन गेल्यावर मी सरांना म्हटलं, "आता थांबा ना, सर." ते रिकाम्या जागेकडे बघत होते. "चपला बाहेर राहतात हो," ते म्हणाले. "शंका रोज माझ्याआधी आत येऊन बसलेली असते."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गोल. पुन्हा हाक. तिला जोर नव्हता, पण होती.

थंडीत सर गेले. झोपेतच. दहाव्याला गोदाघाटावर पिंडाला कावळा पटकन शिवला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, चला, इच्छा काही राहिली नाही.

आता गच्चीवर कुणीही काहीही वाळत घालू शकतं. फळा मी पुसला. तरी टाकीशेजारची ती जागा सोडूनच सगळ्यांचे पापड पसरतात.

परवा मुलीने काकूंना उन्हाला म्हणून वर आणलं. खुर्चीत बसवलं. काकू बराच वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. मग माझा हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी विचारलं:

"तो बाबा रोज कोनले हाका मारे? ती उनी का मंग?"