दोघी अकरावीत

सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, आई गेली. चहा घेतला आणि खुर्चीतच मान टेकली..." रडू येण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "सुटली गं!" आपण अंथरुणाला खिळू, अशी धास्ती सुमनताईने घेतली होती. तसं काही झालं नाही. महिना उलटला आता, पण मला सारखी आठवते ती शाळेत माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसलेली ताई.

खरं तर ती माझ्या पुढच्या वर्गात. पन्नासच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. आमचे वडील, अण्णा, कचेरीत कारकून. दहावीनंतर ताईची एका योजनेत निवड झाली. वर्षभर अमेरिकेतल्या कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत शिकायचं. तिला बोटीवर पोचवायला अर्धी आळी हार घेऊन आली होती. तिथलं शेवटचं वर्ष तिने पुरं केलं, काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून प्रमाणपत्र घेतलं आणि थेट सायन्सला जायच्या तयारीने परत आली. कॉलेजात विचारलं, "एस.एस.सी. कुठाय?" तेव्हा ही परीक्षा अकरावीला असायची. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी अण्णांना समजावलं, "तिकडे ती उत्तमच शिकलीय हो, पण इथे बोर्डाची परीक्षा लागणारच. बसू दे तिला अकरावीत." अकरावीत तोवर मी जाऊन बसले होते.

शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "काय गं, अमेरिकेत नापास झालीस?"

"नाही काकू, तिकडे पास झाले. आता इकडे व्हायचंय," ताई हसून म्हणाली. घरात आल्यावर मात्र तिने थेट संस्कृतचं पुस्तक उघडलं. संस्कृत ती पार विसरली होती. बीजगणित इंग्रजीत सुटायचं, मराठीत शब्द अडायचे. मी तिच्याकडून रूपं पाठ करून घ्यायची आणि मनातून घाबरायची... मी पास झाले आणि ही राहिली तर? चाचणी परीक्षेत ती संस्कृतात नापास झाली, तेव्हा अण्णा जेवता जेवता थांबले. "माझंच चुकलं. हौसेपायी तुझं वर्ष घालवलं मी."

"वर्ष कुठे गेलं, अण्णा?" ताई ताडकन म्हणाली. "इथे फळ्यापाशी जायला पाय कापायचे माझे. तिकडे भरल्या सभागृहात बोलले मी, आपल्या देशाबद्दल. ते गेलं का? संस्कृतचं बघते मी." आणि तिने बघितलं. पहाटे उठून, माझ्याकडून धडे घेऊन, थोरलेपणाचा तोरा न मिरवता.

निकालाच्या दिवशी शाळेत जायचा मला धीर होईना. ताई एकटीच गेली. मी गॅलरीत उभी, अण्णा माझ्या मागे. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली, पण चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिने पदर खोचला आणि धावत सुटली, ओरडत, "दोघी गं शैले, दोघी!" अण्णा मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. काकू पळत आल्या, त्यांनी ताईला कवेत घेतलं. आत आईचा भात करपला होता. तो आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.