माझ्या वाटचं काम

निर्मला गेली त्याला आता दीड महिना होत आला. दिवाळीनंतर मी मोहाडीला तिच्या घरी गेले होते, तीच आमची शेवटची भेट. किडनीच्या आजारानं तिचे पाय सुजले होते, तरी माझ्यासाठी चहा तिनंच केला. वीस वर्षं मनात ठेवलेली एक गोष्ट आज तिला सांगायचीच, असं ठरवून मी निघाले होते. आम्ही तिच्या डायलिसिसबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो... आणि मी तशीच परत आले. मग एका सकाळी तिच्या नवऱ्याचा, नामदेवभाऊंचा फोन आला. "निर्मला गेली, सुमनबाई," एवढंच ते म्हणाले.

आम्ही दोघी नर्स. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा बऱ्याच जणींनी तिकडे बदल्या करून घेतल्या आणि नदीकाठच्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात मोजक्याच उरलो. त्याच सुमारास तिथे गर्भपाताची सोय सुरू झाली. माझे तीन गर्भ पडल्यावर चौथ्या खेपेला मुलगी झाली होती. ती पोटात असताना मी देवाला शब्द दिला होता की हे मूल जगलं तर असल्या कामाला मी हात लावणार नाही. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते चिडले. "असं प्रत्येकीनं म्हटलं तर टेबलाजवळ उभं कोण राहील?" निर्मला ट्रेमध्ये कात्र्या लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी राहीन ना सर. तिले नका लावू." बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानायला लागले, तर म्हणाली, "काहून? तुले जमत नाही, मले जमते. झालं."

मला ते खरंच वाटलं. ती दणकट, मोठ्या आवाजाची, पटकन हसणारी बाई होती. पुढे अकरा वर्षं माझ्या वाटचं ते काम तिनं केलं. गावात मात्र गोष्टी व्हायच्या त्या तिच्याबद्दल. एकदा एका ओळखीच्या घरी आम्ही दोघी हळदीकुंकवाला गेलो होतो. ओटी भरताना त्या घरची बाई मला म्हणाली, "तुमचे हात स्वच्छ आहेत बाई, सुनेची ओटी तुम्हीच भरा." निर्मला माझ्या शेजारीच बसली होती. मी उठले आणि ओटी भरली. त्यानंतर ती कुठल्याच हळदीकुंकवाला आली नाही. मी जात राहिले.

मनात ठेवलेली ती गोष्ट एका गुरुवारची. निर्मला तिच्या मुलीच्या शाळेत जायचं म्हणून रजेवर होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली, पुनर्वसनात राहायला आलेली एक बाई ओपीडीच्या दारात उभी होती. तीन लेकरांची आई, नवरा मासेमारी करणारा. चौथं नको होतं. डॉक्टर आत होते. वॉर्डातली दुसरी नर्स बोलावता आली असती. पण ती आली नसती तर डॉक्टरांनी मला उभं केलं असतं, या भीतीनं मी दारातच म्हटलं, "आज होत नाही. सोमवारी ये." ती म्हणाली, "सोमवारी कशी येऊ बाई? बजाराचं नाव करून आली मी." मी म्हटलं, "मग मी काय करू?" ती निघून गेली. डॉक्टरांना मी सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी तिला जीपमध्ये घालून आणलं. गावातल्या कुणाकडून तरी औषध घेतलं होतं. लुगडं रक्तानं भिजलेलं, नाडी हाताला लागत नव्हती. निर्मलानं सलाईन लावलं आणि तिच्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसून भंडाऱ्याला गेली. बाई वाचली, पण पिशवी काढावी लागली. संध्याकाळी निर्मला परत आली तेव्हा तिच्या पांढऱ्या साडीवर वाळलेले डाग होते. हात धुता धुता तिनं विचारलं, "गुरुवारी येऊन गेली होती म्हणे ती. कोनं परत पाठवलं?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं नळ बंद केला, हात पुसले. "बरं," म्हणाली.

चौकशी झाली नाही. पण त्यानंतर प्रत्येक रजेच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन सांगायची, "उद्या मी नाही. कोणी आलं तं डॉक्टरपर्यंत जाऊ देजो. तू हात नको लावू, फक्त जाऊ देजो." तिच्या आवाजात राग नसायचा. मी मान हलवायची. तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही कळत होतं... तेव्हा एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. देवाला दिलेला शब्द मी पाळला, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्या बाईला दारातून परत पाठवायचं देवानं मला सांगितलं नव्हतं.

तेरवीनंतर मी मोहाडीला गेले. मला तिच्याबद्दल काही बोलायचं होतं, पण तोंडून निघालं एवढंच, "निर्मला मनानं फार घट्ट होती, भाऊ." नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "घट्ट?" ते उठले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होता, तो त्यांच्या वडिलांमागे बंद पडला. भिंतीशी मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचा चरखा होता आणि बाजूला भरलेल्या कांड्यांनी गच्च टोपली.

"तसं काम झालं का घरी येऊन जेवत नव्हती," ते म्हणाले. "इथं बसून कांड्या भरत राहे. मी म्हनो, माग तं बंद आहे, कायले भरतं? रिटायर झाली अन् मंग एकदाही नाही बसली इथं. तुमाले सांगतलं नाही का कधी?"

मी नाही म्हटलं. ते चहा ठेवायला आत गेले. चरख्यावर एक कांडी अर्धी भरलेली तशीच होती, तिच्यावर धूळ बसली होती. मी तिथे खाली बसले. चहा आला, निवला, तरी मला उठता आलं नाही.