गच्चीवरचा डबा

कळंब्याला जाताना एक काकी मला रोज दिसतात, नाव काय म्हायत न्हाय! गच्चीवर दाण्याचा डबा खडखडवला की त्यांची शर्यतीची कबुतरं झपकन खाली येतात. परवा एक पिल्लू आलंच न्हाय. पहिल्यांदाच लांब उडालतं, मागं ससाणा लागला आणि ते घाबरून दुसऱ्याच कुणाच्या थव्यात घुसून तिकडंच गेलं.

शेजारचा ओरडला, "काकी, आता बाकीच्यांचे पंख बांधा की!"

काकी वरनंच गरजल्या, "बांधलेलं नुसतं घरात ऱ्हातंय रं! घरी यायचं तर आधी उडाय लागतंय!"

आणि खुराड्याचं दार उघडून सगळी पिल्लं उडवली की! मी गाडी थांबवून बघतच बसलो. एकेक करून सगळी उतरली, तरी काकींचा डबा वाजतच होता.