मिलिंगचा मागचा उजवा पाय

बेअरिंग बसवायची दोन्ही लोखंडी घरं तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी चहा पीत होते. जिंतूरच्या कापूस-जिनिंगवाल्याचा माणूस ती शाफ्टसकट टेबलावर ठेवत म्हणाला, "वैनी, शाफ्ट फिरंना गेलाय. मालक म्हणायलेत, आता शेवटचं बघू." मी मान हलवली. तो गेल्यावर चहा तसाच ठेवून मी मशीनकडे गेले.

परभणीत जिंतूर रोडला आमचं लहानसं वर्कशॉप आहे, मागेच घर. नवरा उन्हाळ्यात गेला, सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. आठ वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून मी लोखंड कापायचं मिलिंग मशीन चालवायला शिकले होते. धाकट्या दिरानं स्पष्टच सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत काम धड निघालं तर ठीक, नाहीतर मशीन त्याच्या ओळखीचा माणूस घेऊन जाईल आणि मी घरात बसायचं. मला घरात बसायचं नव्हतं. मशीन सुरू केलं की तो बाजूला उभा आहे असं वाटायचं, आणि ते गेलं तर माझ्याकडे त्याचं काहीच उरणार नव्हतं.

घरं तिरकी कापली जात होती हे उघड होतं. कशामुळे, ते कळत नव्हतं. आधी मी काम पकडणारा व्हाइस काढून टाकला, टेबल रॉकेलनं पुसलं, त्याच्या खाचांतला बारीक चुरा दात घासायच्या ब्रशनं काढला. मग डायल लावला. डायल घड्याळासारखा असतो, त्याचं टोक लोखंडाला टेकवलं की केसाएवढा चढउतारसुद्धा काटा दाखवतो. डायल वर हेडला, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या डोक्याला, बांधून टेबल सरकवलं, काटा हलला नाही. म्हणजे टेबल सपाट होतं. मग डायल कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला आडवा बांधून हातानं गोल फिरवला. टेबलाच्या पुढच्या बाजूला शून्य, मागच्या बाजूला आठ रेघा. म्हणजे टेबल नव्हे, ज्या खांबावर हेड बसतं तो खांबच मागे कलला होता. आणि खांब तर बिडाचा, आपोआप कलेल कसा?

मी टेबलाच्या सरकपट्ट्या आवळल्या, सैल केल्या, पुन्हा आवळल्या. हेडचे बोल्ट खोलून बसवले. हेड डावी-उजवीकडे वळतं, पुढे-मागे वळायची सोयच नाही. चार दिवस मी तेच तेच केलं. प्रत्येक वेळी आठ रेघा. दीर येऊन बघायचा आणि म्हणायचा, "मशीन तेच हाय वैनी. दादाच्या हातात सरळ चालायचं. आता हात बदलला." मला राग यायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरं वाटायचं. जेवताना मी माझे हात बघत बसायचे.

त्या दिवसांत मी देवाच्या फार मागे लागले होते. खरं तर देवाच्या नव्हे, एका नाण्याच्या. खंडेनवमीला घरात सण नव्हता, वर्ष सरलं नव्हतं. पण मशीनचं स्टँड गंजलं होतं, म्हणून दीर आणि मी बोल्ट काढून मशीन खाली उतरवलं आणि स्टँडला हिरवा रंग दिला. तेव्हा मशीनच्या एका पायाखालून निजामाच्या वेळचा तांब्याचा पैसा निघाला, झिजून पार पातळ झालेला. मशीन बसवताना पायाखाली नाणं ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. सासूबाईंनी तो पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "त्येच्या हातचा हाय. पायाखाली कशाला, देवात ठिव." मी ठेवला. रोज आंघोळ झाली की त्याला कुंकू लावून म्हणायचे, तुझं मशीन तूच सरळ कर बाबा.

दिवाळीला सहा दिवस राहिले होते. दीर टेम्पो घेऊन दुपारी येतो म्हणाला होता. सकाळी मी हरलेच होते. मशीन द्यायचंच तर निदान बोल्ट तरी आपल्या हातानं सोडू, म्हणून पाना लावला. डायल अजून स्पिंडललाच होता, मागच्या बाजूला टेकलेला. पुढचे दोन बोल्ट सुटले, काटा जागचा हलला नाही. मागचा डावा सुटला, तरी नाही. मागचा उजवा सुटला आणि काटा आठ रेघा उलटा येऊन शून्यावर थांबला.

मी तो बोल्ट पुन्हा आवळला. आठ. सोडला. शून्य. त्या पायाखाली फट होती, आणि बोल्ट आवळला की सगळं मशीन त्या कोपऱ्यात ओढलं जात होतं. लग्नपत्रिका फाडून फटीत तुकडे सारले. एक सैल गेला, दोन घट्ट बसले. आणि मग मी पाना तिथंच टाकला, कारण तेवढी जाडी मी रोज सकाळी चिमटीत धरत होते.

देवघरात जाऊन मी पैसा उचलला. सासूबाई म्हणाल्या, "देवातलं काय उचलायलीस?"

"ह्यो देवाचा न्हाई आत्याबाई, मशीनचा हाय."

कुंकू धुतलं. कुंकवाखाली कानशीचे तिरके ओरखडे होते, अगदी त्याच्या हाताचे. पैसा झिजलेला नव्हता, त्यानं मापानं घासला होता. मी त्याच्यावर अशी चिडले, की समोर असता तर पाना फेकून मारला असता. आठ वर्षं शेजारी उभी होते मी. कानशीनं घासताना कधी दिसला नाहीस, बोलला नाहीस, आणि मी तुझ्याच पाचरीला कुंकू लावून तुझी मदत मागत बसले.

पैसा पायाखाली गेला. चारही बोल्ट आवळले. काटा एक रेघ हलला, तेवढं चालतं. घरं नव्यानं कापली, शाफ्ट घातला.

दीर आला, टेम्पो दारात उभा केला. त्यानं एका बोटानं शाफ्ट फिरवला, थांबेपर्यंत बघत राहिला, आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

स्टँडचा हिरवा रंग डब्यात थोडा उरला होता. मागच्या उजव्या पायाजवळ भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, इथलं नाणं काढू नये. लिहायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याच्याकडे आठ वर्षं होती.