साडूंचा रंग, माझा पगार

जाफराबादेतल्या एका रंगाच्या दुकानात मी चौदा वर्षं कामाला होतो. माल द्यायचा, उधारीची चिठ्ठी लिहायची, खाली सही करायची. चिठ्ठी ज्याच्या हातची, उधारी त्याच्या गळ्यात, हा शेटचा कायदा. लक्ष्मीपूजनाला नवी वही निघायची. तिच्यात जुनी बाकी उतरवणं अशुभ म्हणे. म्हणून वसूल न झालेली उधारी आमच्या दिवाळीच्या पगारातून कापून शेट मोकळे व्हायचे.

गेल्या वर्षी शेटच्या साडूंनी बंगला रंगवला. "साडू हायेत, पैशाचं इचारू नको, देऊन टाक," असं शेटनंच सांगितलं होतं. मी डबे दिले, चिठ्ठी लिहिली, सही केली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि ती आयजी मीच, हे मला दिवाळीला कळलं. जवळजवळ अख्खा पगार गेला.

"शेट, रंग तुमच्याच सांगण्यावरून देल्ता की. पोरीच्या होस्टेलचे पैसे भरायचेत."

"चिठ्ठीवर सही कोणाची हाय? मंग? साडूला मी कसं मागू?"

मुलगी जालन्यात नर्सिंगला होती. पैसे भरले नाहीत म्हणून होस्टेलची जागा गेली आणि ती रोज एसटीनं अप-डाउन करू लागली. संध्याकाळी आली की भाकरी खाता खाता तिचे डोळे मिटायचे. मला बघवायचं नाही.

शेवटी मी जालन्याला कामगारांच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईकानं बुडवलं म्हणून नोकराचा पगार कापता येत नाही. तुमच्या चुकीनं नुकसान झालं असं म्हणायचं असेल, तरी आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कापल्याचा कागद आणा."

कागद! माझं अक्षर चांगलं म्हणून नव्या वहीत श्री मीच काढायचो आणि खालची पहिली नोंदही मीच करायचो: नोकरांचा पगार पूर्ण पोचला. सणाच्या पानावर कमी लिहायचं नाही, ही दुकानाची रीत. चौदा वर्षं मी माझ्याच वळणदार अक्षरात खोटं लिहून खाली सही ठोकत होतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! शेटपेक्षा मला माझाच संताप आला.

यंदा साडूंनी कंपाउंडसाठी रंग नेला. शेटनं पुन्हा माझाच पगार कापला आणि पूजेच्या आधी वही पुढं सरकवली. "जल्दी लिही, मुहूर्त चाल्लाय."

मी श्री काढला. खाली लिहिलं: साडूंच्या रंगाची उधारी कापून नोकराला उरलेला पगार दिला. आकडाही लिहिला. मी सही केली, शेजारी शेटनंही नेहमीसारखी न वाचता केली. हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, मग त्यांनी पान वाचलं.

"फाड ते पान!"

"पुजलेलं पान फाडता व्हय?" शेटाणी प्रसादाचं ताट घेऊन मागं उभ्या होत्या. शेटनं पानावरचा हात मागं घेतला. तेवढ्यात मी मोबाइलवर पानाचा फोटो काढून घेतला.

सुट्ट्या संपल्यावर तो फोटो साहेबांना दाखवायला पोरीच्याच एसटीनं जालन्याला निघालो. जागा नव्हती, ती दांडा धरून उभी होती. मी तिला फोटो दाखवला. तिनं तो दोनदा वाचला.

"पप्पा, हे मागच्या साली लिहिता आलं नसतं का?"

"आलं असतं," मी म्हणालो.