दोनशे चार पौंडांचे भाऊजी

मी आमच्या भाऊजींना चोर म्हणालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून सांगायचं म्हटलं तर जीभ रेटायची नाही.

भाऊजी म्हणजे कमलाकांत, माझ्या विमलताईचे यजमान. अकोल्याच्या जुन्या शहरात भिक्षुकी करायचे. लग्नं-मुंजी, सत्यनारायण सगळंच करत, पण त्यांना खरी मागणी श्राद्धाला. मंत्र स्पष्ट, घाई नाही, आणि पानावर बसले की यजमानाचं समाधान होईपर्यंत जेवायचे. खेड्यातले यजमान शिधा द्यायचे तो वेगळा, पण गावातले वकील, मास्तर, पुजारी सगळे पानावर बसवायचे. पुरणाची पोळी, वाटीभर तूप, वडे, खीर, कढी, आणि वर आग्रह. पितृपक्षात तर पंधरा दिवस पंधरा घरं. भगवंतराव वकील स्वतः तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरायचे. "घ्या महाराज, बाबांना पुरण फार आवडायचं." आता बाबांना आवडायचं म्हटल्यावर हा माणूस नाही कसा म्हणणार!

भाऊजींच्या घरचं सांगायचं तर त्यांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, थोरले भाऊ एकोणपन्नासाव्या. दोघंही छातीत कळ येऊन, दोघंही असेच भरल्या अंगाचे. साठ साली भाऊजी सेहेचाळीस वर्षांचे झाले आणि त्या भाद्रपदात मोर्णा नदीच्या काठावरून घाट चढताना तीनदा बसले. ताईनं ते पाहिलं आणि तशीच माझ्या घरी आली. म्हणाली, "वसंता, यांना पन्नाशी ओलांडून दे. पुढचं मी बघते."

तिनं हे मला सांगितलं, कारण मी शाळेत ड्रिल मास्तर आणि नदीकाठच्या आमच्या आखाड्याचा वस्ताद. माझ्या हाताखालून पाचपन्नास पोरं गेली होती, त्यामुळे अंगात तेवढी मस्तीही होती. म्हटलं, भाऊजींना सहा महिन्यांत लाकडासारखं करून देतो. किती मूर्ख होतो मी!

आधी त्यांना अमरावतीला डॉक्टर खेर्डेकरांकडे नेलं. ते मुंबईला शिकून आले होते आणि रक्त तपासायची यंत्रं त्यांच्याकडे होती. त्यांनी आदल्या दिवशीच चिठ्ठी पाठवली होती की पोटात काही नको. आणि भाऊजी काय करून आले? एकादशी होती, म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन आले! वर डॉक्टरांनाच विचारतात, "फराळ का जेवण असते काय हो?" एक दिवस वाया. अमरावतीत माझ्या मित्राकडे मुक्काम केला, मी रात्रभर त्यांच्यावर पहारा दिला आणि सकाळी रक्त काढून घेतलं.

डॉक्टरांनी काचेची नळी उभी करून ठेवली होती. तासाभरानं आम्हाला बोलावलं. खाली लाल रक्त बसलं होतं आणि वर पांढरं काहीतरी. मी म्हटलं, "डॉक्टर, यात दूध कशाला घातलं?"

"घातलं नाही मास्तर. वर पिवळसर नितळ पाणी दिसायला हवं होतं. ही यांच्या रक्तातली चरबी आहे. खाणं अर्ध्यावर आणा."

भाऊजींनी शांतपणे हात जोडले. "डॉक्टरसाहेब, घरी म्हणाल तर मी एक भाकरी खातो. पण श्राद्धाला मी माझ्यासाठी जेवत नाही न. मी अर्धपोटी उठलो तर समोरच्याचा बाप अर्धपोटी राह्यते. तृप्त झालो, असं मले तोंडानं म्हणावं लागते. खोटं कसं म्हणू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग ते वैतागून म्हणाले, "बरं बापा, जेव. पण मग अंग तरी हलव रोज. चार महिन्यांनी पुन्हा रक्त दाखव."

असं ठरलं. कार्तिकापासून भाऊजी पहाटे आखाड्यात येऊ लागले. धोतराचा काचा मारून हा एवढा मोठा माणूस तांबड्या मातीत उभा राहिला की पोरं तोंड फिरवून हसायची. मी त्यातल्या दोघांना कान धरून बाहेर काढलं. पहिल्या दिवशी पाच सूर्यनमस्कार झाले आणि भाऊजी मातीतच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. पण एकदाही टाळलं नाही. उलट माझेच मंत्र चुकतात म्हणून मला थांबवायचे. "वसंता, सूर्याले हाक मारून राहिलास, नीट मार." मकरसंक्रांतीपर्यंत साठ नमस्कारांवर आले. नंतर काठाकाठानं दोन मैल चालणं, मग बैठका. घाट एका दमात चढू लागले. ताई माझ्याकडे बघून हसायची तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पण मला हवा होता आकडा. आखाड्यात आमचं सगळं वजनावर चालतं. पोरगं आलं की तोलायचं, महिन्यानं पुन्हा तोलायचं, किती भरलं ते भिंतीवर खडूनं लिहायचं. आमच्या तीन पिढ्यांच्या वस्तादांनी यापलीकडे दुसरं माप पाहिलं नव्हतं. दर रविवारी मी भाऊजींना अकोला स्टेशनवर न्यायचो. तिथं वजनाचं यंत्र होतं, वर उभं राहिलं की जाड कागदाचं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भाऊजी आधी भविष्य वाचायचे. मी वजन बघायचो. पहिल्या रविवारी दोनशे सहा पौंड. महिन्यानं दोनशे पाच. संक्रांतीला पुन्हा दोनशे सहा. माघ संपला तरी दोनशे चार!

माझं डोकं फिरलं. रोज घाम गाळतोय माणूस, मी त्याच्यापायी दोन पोरांची कुस्तीची तयारी सोडली, आणि दोन पौंड? यंत्र बिघडलं म्हणावं तर मी स्वतः त्याच्यावर चढून बघितलं, माझं बरोबर यायचं. मग राहिलं काय? एकच. हा माणूस चोरून खातो. लोकांच्या पंगती होत्याच, त्या मी हिशेबात धरल्या होत्या. पण याशिवाय कुठेतरी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, नाहीतर बाजारातल्या हलवायाकडे हा बसतो, अशी माझी खात्रीच पटली.

फाल्गुनात शिमग्याच्या आधीच्या रविवारी यंत्रानं पुन्हा दोनशे चारचं तिकीट टाकलं. फलाटावर गर्दी होती, ओळखीची माणसं होती, भगवंतराव वकील नागपूरच्या गाडीची वाट बघत उभे होते. मला कशाचं भान राहिलं नाही. मी ते तिकीट भाऊजींच्या तोंडासमोर नाचवलं आणि ओरडलो, "चोरून खाता तुम्ही! काहून माझा जीव खाऊन राहिले? सरळ सांगा न, की मले मरायचं आहे!"

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी जानवं बोटाला गुंडाळलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वसंता, पानावर वाढलं ते आणि तू देतोस ते, यापलीकडे कणही खाल्ला नाही मी. या जानव्याची शपथ."

"शपथा कुणाला सांगता? काटा खोटं बोलते का?"

भाऊजींनी भगवंतरावांना नमस्कार केला आणि एकटेच घराकडे चालत निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आखाड्यात वाट बघितली. तिसऱ्या दिवशी बघितली. चौथ्या दिवशी मनाशी म्हटलं, चोर पकडला गेला म्हणून लपून बसलाय. शरमेनं नाही, रागानं मी आणखी फुगलो होतो.

ताई मात्र डॉक्टरांची चार महिन्यांची मुदत विसरली नव्हती. मला न सांगता तिनं त्यांना अमरावतीला नेलं आणि त्यांचं रक्त तपासायला देऊन आली. आठवडाभरात मला डॉक्टरांचं कार्ड आलं, ताबडतोब भेटा म्हणून. पहिल्या बसनं गेलो.

डॉक्टरांनी टेबलावर नळी ठेवली होती. खाली लाल, वर पिवळसर नितळ.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुमच्या भाऊजींचं. मास्तर, चरबीचा आकडा निम्म्याच्याही खाली आलाय. पोटाचा घेर साडेतीन इंच कमी आहे. मी मागच्या वेळी मोजून ठेवला होता. काय करवून घेतलंत तुम्ही?"

मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "पण वजन? वजन तर दोन पौंडसुद्धा उतरलं नाही."

"वजन बघायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" डॉक्टर खेकसले. "खाणं तेवढंच राहिलं, मग काटा कसा हलणार? पोटावरची चरबी गेली, मांड्यांवर मांस आलं, काट्याला दोन्ही सारखंच. रक्तात जे तरंगत होतं ते त्या मांसानं जाळलं. ते बघायचं होतं. धोतराची गाठ बघितलीत का कधी? किती मागे सरकली?"

नव्हती बघितली. रोज समोर नमस्कार घालणाऱ्या माणसाच्या पोटाकडे मी चार महिने बघितलं नव्हतं, तिकिटाकडेच बघत होतो.

"आणि काय हो," डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "तुमच्या ताई सांगत होत्या, व्यायामानंतर ते काहीतरी पितात. काय ते?"

"खुराक. अर्धा शेर दूध, बदाम, आणि..."

"आणि?"

"वरून चमचाभर तूप. खुराकाशिवाय जोर मारले तर अंग जळतं, आमच्यात असंच..."

"देतं कोण?"

"मी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "ते दूध बंद करा आणि व्यायाम सोडू देऊ नका. सोडला तर हे दोन महिन्यांत पहिल्यासारखं होईल."

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बस मूर्तिजापूरला थांबली तरी खाली उतरलो नाही. पानावर वाढलं ते आणि तू देतोस ते. अरे, त्यानं फलाटावर उभं राहून मला स्पष्ट सांगितलं होतं! मीच रोज लोटा भरून दूध-तूप पाजत होतो आणि मीच त्याला चोर म्हणालो होतो.

उतरलो तो थेट त्यांच्या घरी. भाऊजी ओसरीवर दर्भाच्या काड्या निवडत होते. मी पाय धरले. नळीचं सांगितलं, खुराकाचं सांगितलं, चला म्हणालो, उद्यापासून पुन्हा सुरू करू. ताई दारात उभी होती.

भाऊजींनी मला उठवलं, पाणी दिलं. म्हणाले, "काचेच्या नळीनं सांगितलं, तवा तुले पटलं. मी सांगितलं तवा नाही पटलं. चार महिने तुझ्यासमोर मातीत लोळत होतो न मी?"

"चुकलो म्हणतोय ना!"

"चुकलास. राग नाही माझा. पण आता त्या मातीत उभा राहिलो की मले फलाट आठवीन. नाही जमत बापा."

"घरी करा मग!"

"पाहू," ते म्हणाले. त्यांचं 'पाहू' म्हणजे नाही, हे मला आणि ताईला दोघांनाही माहीत होतं.

मी काय नाही केलं! आठवड्यातून दोनदा जायचो. विनवण्या केल्या, ओरडलो, वकिलांना मध्ये घातलं, त्यांच्या अंगणात स्वतः नमस्कार घालून दाखवले. ते ओसरीवरून माझे मंत्र दुरुस्त करायचे, पण उठायचे नाहीत. ताई रडली तेव्हा आठ दिवस नदीपर्यंत चालले, मग पाऊस लागला आणि तेही सुटलं. भाद्रपदात पुन्हा पंधरा घरं झाली. पुढच्या वर्षी घाटावर पुन्हा बसायला लागले. डॉक्टरांकडे जायचं नावच काढू देईनात. एवढा मऊ माणूस, पण एका शब्दापुढे असा दगड झाला, आणि तो शब्द माझा होता.

त्रेसष्ट सालच्या सर्वपित्री अमावास्येला वकिलांकडून जेवून आले आणि संध्याकाळी छातीत कळ आली. आम्ही टॅक्सी करून अमरावतीला नेलं. खेर्डेकरांनी रात्रभर धडपड केली. दुसऱ्या दिवशी चार वाजता भाऊजी गेले. एकोणपन्नास वर्षांचे होते.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मला कळतच नाही. तेव्हा रक्त एवढं स्वच्छ झालं होतं. व्यायाम चालू होता ना त्यांचा?"

मी ताईकडे पाहिलं. ताईनं पदर सारखा केला.

"चालू होता, डॉक्टर," ती म्हणाली. "रोज करायचे. वसंता करवून घ्यायचा."

डॉक्टरांनी माझा खांदा थोपटला. "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, मास्तर," असं म्हणाले, आणि मी मान डोलावली.